अस्तर ६ मिमीच्या पुढे सरकत नाही, तेव्हा आधी काय शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३. चार वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात गर्भाची वाढ थांबली म्हणून क्युरेटिंग झालं. आत काही राहिलंय म्हणून महिन्याभरात पुन्हा एकदा पिशवी साफ केली. त्यानंतर दिवस राहिले नाहीत. आयव्हीएफ केलं, पाचव्या दिवसाचे तीन चांगले भ्रूण गोठवलेले आहेत. पण इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊनही गर्भपिशवीचं आतलं अस्तर ५.८ ते ६.२ मिमीवर अडकतं आणि दोनदा ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण पिशवीत सोडणं, रद्द झाली. आता पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स पिशवीत सोडणं, सुचवलंय. ते करावं का? आणि डाळिंब-बीट खाऊन अस्तर वाढतं का?

तुमच्या लांबलचक मजकुरातल्या एका ओळीवर मी थांबले. क्युरेटिंगनंतर पाळीचा त्रास कमी झाला, आता दीड दिवसात संपते, एखादंच पॅड लागतं, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या सगळ्या मनस्तापात ही एक तरी बरी गोष्ट, अशा सुरात लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या फाइलमधल्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा ती ओळ महत्त्वाची आहे. पाळीत जे अंगावरून जातं ते त्या महिन्यात वाढलेलं अस्तरच असतं. आधी चार दिवस व्यवस्थित जाणारी पाळी पिशवी साफ केल्यानंतर दीड दिवसावर आली, तर एकतर अस्तर तयार होण्याची जागाच कमी झाली आहे, किंवा पिशवी आतून काही ठिकाणी चिकटली आहे. हे तपासल्याशिवाय पीआरपीचा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

असं का म्हणते ते सांगते. अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि पाळीत गळून जातो. खालचा, पिशवीच्या स्नायूला लागून असलेला थर कायम राहतो, आणि पुढच्या महिन्याचं अस्तर त्याच्यातूनच फुटतं. अंगणातली हरळी विळ्याने कितीही कापली तरी आठ दिवसांत पुन्हा फुटते, कारण मूळ जमिनीत असतं. तीच खुरप्याने मुळासकट खरवडली की त्या जागी माती उघडी पडते आणि कितीही पाणी घातलं तरी हिरवं होत नाही. इस्ट्रोजेनची गोळी म्हणजे पाणी. मूळ शाबूत असेल तर ती उत्तम काम करते. क्युरेटिंगमध्ये, विशेषतः गर्भ राहून गेल्यानंतर पिशवी मऊ असताना केलेल्या आणि थोड्या दिवसांत पुन्हा केलेल्या क्युरेटिंगमध्ये, हा खालचा थर खरवडला जाऊ शकतो. मग दोन उघड्या भिंती एकमेकींना चिकटतात. जर्मनीतल्या फ्रिट्श यांनी १८९४ मध्ये असं पहिलं उदाहरण नोंदवलं होतं. १९४८ मध्ये जोसेफ आशरमन यांनी अशा बऱ्याच बायकांची एकत्र नोंद केली, म्हणून आज याला आशरमन सिंड्रोम म्हणतात. तुमच्या डॉक्टरांनी तेव्हा काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. तुकडे आत राहिले असतील तर ते काढावेच लागतात, नाहीतर जंतुसंसर्ग होतो. पण त्याचा परिणाम मागे राहिला आहे का, हे आता पाहायला हवं.

तुमच्या फाइलमध्ये दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट नाही. नळ्यांचा एक्स-रे आहे, तो क्युरेटिंगच्या आधीचा. सोनोग्राफी भरपूर आहेत, पण साध्या सोनोग्राफीत पातळ चिकटे सहज निसटतात. पिशवीच्या आत दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहणं, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, हा तुमचा पुढचा टप्पा असायला हवा. पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत, सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, ती करतात. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि आतलं नीट दिसतं.

आत काय दिसतं तेही सांगते, म्हणजे भीती थोडी कमी होईल. निरोगी पिशवी आतून गुलाबी, ओलसर, मखमलीसारखी असते आणि वरच्या दोन कोपऱ्यांत नळ्यांची तोंडं टाचणीच्या डोक्याएवढी काळी दिसतात. चिकटलेल्या पिशवीत एखादा पांढुरका पडदा एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणलेला असतो, कधी एखादा कोपराच बंद होऊन नळीचं तोंड सापडत नाही. काही ठिकाणी गुलाबीऐवजी फिकट, चकचकीत डाग असतात. तिथे मूळ उरलेलं नसतं. नाजूक चिकटे दुर्बिणीच्या टोकाने नुसते ढकलले तरी सुटतात. जाड असतील तर बारीक कात्रीने कापावे लागतात. इथे मी विजेच्या उपकरणापेक्षा कात्रीच पसंत करते, कारण उष्णतेने आजूबाजूचं शिल्लक चांगलं अस्तरही भाजतं. कापलेल्या कडा पुन्हा चिकटू नयेत म्हणून काही दिवस आत छोटा फुगा ठेवतात किंवा हायल्युरोनिक ॲसिडचं जेल सोडतात, आणि साधारण महिनाभर इस्ट्रोजेन देतात. तीव्र प्रकारात पुन्हा चिकटण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून काही आठवड्यांनी आतून पुन्हा एक नजर टाकणं मी टाळत नाही. त्यासाठी पैसे आणि रजा दोन्ही लागतात, हे मला माहीत आहे. तरीही रद्द होणाऱ्या तिसऱ्या ट्रान्सफरपेक्षा तो खर्च सार्थकी लागतो.

दुर्बीण आत असतानाच अस्तराचा छोटा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे अस्तराची जुनाट सूज. तिची लक्षणं बहुतेक वेळा काहीच नसतात. सीडी-१३८ नावाच्या रंगाने प्लाझ्मा पेशी ठळक दिसतात, त्यावरून निदान होतं, आणि डॉक्सिसायक्लिनचा चौदा दिवसांचा कोर्स बहुतेकांना पुरतो.

दुसरी गोष्ट क्षयाची. आपल्याकडे हा विषय टाळून चालत नाही. पिशवीचा क्षय खोकला-ताप काहीही न दाखवता नळ्या आणि अस्तर पोखरतो आणि कित्येकदा मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच सापडतो. पण इथे मला एक काळजीही वाटते. नुसता पीसीआर, म्हणजे जंतूंचा अंश शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांचं एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झालेल्या बऱ्याच बायका माझ्याकडे येतात. पीसीआरला मेलेल्या जंतूंचा अंशही पुरतो. तुकड्याच्या तपासणीत क्षयाच्या गाठी, कल्चर (जंतू वाढवून पाहणं) किंवा जीनएक्सपर्ट या जलद चाचणीचा रिपोर्ट, दुर्बिणीत दिसणारी ठरावीक चिन्हं, घरातला क्षयाचा इतिहास यांतलं काही जुळत असेल तरच मी एकेटी देते. खरा क्षय निघाला तर कोर्स पूर्ण करायलाच हवा, सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. मात्र त्या औषधांनी जंतू मरतात, आधीच झालेले व्रण भरून येत नाहीत. हे रुग्णाला सुरुवातीलाच सांगायला हवं, नाहीतर सहा महिने ती अस्तर वाढण्याची वाट पाहत राहते.

आता मापाबद्दल. तुम्ही ५.८, ६.१, ६.२ असे आकडे तारखेनिशी लिहिले आहेत आणि एका दिवशी ०.३ ने कमी झाल्यावर रात्रभर झोप लागली नाही, असंही. ते वाचून वाईट वाटलं, कारण एवढा फरक मोजणाऱ्याच्या हातातही असतो. अस्तर मोजताना पिशवी उभ्या छेदात, मधोमध धरावी लागते, आणि सर्वात जाड जागी एका बाजूच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत पडद्यावर दोन खुणा ठेवाव्या लागतात. छेद जरा तिरका गेला तर आकडा फुगतो. मध्ये पाण्याची रेघ असेल आणि तीही मोजली गेली तर आणखी फुगतो. दोन अनुभवी डॉक्टरांत अर्धा-एक मिलिमीटर फरक पडणं नेहमीचं आहे. म्हणून शक्यतो एकाच हाताने, एकाच मशीनवर मोजून घ्या आणि आकड्यासोबत अस्तर दिसतं कसं ते विचारा. तीन रेघा स्पष्ट दिसत असतील, म्हणजे दोन कडा आणि मधली रेघ, तर ६ मिमीचं अस्तरही इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतंय असं समजायचं.

ट्रान्सफरसाठी अस्तर किमान ७ मिमी हवं असं सांगतात. त्याच्या खाली सगळं संपतं का? तसं नाही. २०१४ मध्ये जवळपास अकरा हजार आयव्हीएफ सायकलींचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. ७ किंवा त्याहून कमी अस्तर फक्त २.४ टक्के सायकलींत होतं, आणि त्यांत गर्भ राहण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. बाकीच्यांत ते ४८ टक्के होतं. म्हणजे निम्म्यावर आलं, शून्यावर नाही. कॅनडातल्या २०१८ च्या नोंदी तुमच्या जास्त कामाच्या, कारण त्यात गोठवलेल्या भ्रूणांचे आकडे वेगळे दिले आहेत. अस्तर ८ च्या वर असताना बाळ जन्माला येण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्के, ७ ते ७.९ असताना जवळपास तेवढंच, ६ ते ६.९ असताना सुमारे २४, आणि ५ ते ५.९ असताना १५ टक्के. ६.२ वर ट्रान्सफर केली असती तर ती वेडेपणाची ठरली नसती, हे यावरून दिसतं. तरीही तुमच्या बाबतीत ती पुढे ढकलली गेली हे बरंच झालं असं मी म्हणेन, कारण मुख्य तपासणी राहिली आहे. गोठवलेल्या भ्रूणांना घाई नसते. उणे १९६ अंशांवर ते जसेच्या तसे राहतात, आणि ते तयार झाले त्या दिवशी तुमचं जे वय होतं तेच त्यांचं वय. तुम्ही चौतिशीत गेलात म्हणून ते म्हातारे होत नाहीत.

दुर्बिणीत सगळं ठीक निघालं, किंवा चिकटे सोडवून झाले, की मग औषधांकडे वळू. तुम्हाला दोन्ही वेळा एकच पद्धत वापरली आहे: पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्राडायोल व्हॅलरेट २ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, तोंडाने. ही पद्धत योग्यच आहे, पण ती एकमेव नाही. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि त्याचा मोठा भाग दुसऱ्या, सौम्य रूपात बदलतो. तीच गोळी योनिमार्गात ठेवली तर पिशवीपर्यंत कितीतरी जास्त पोचते. त्वचेवर लावायचं जेलही असतं. दिवसांची घाईही नको. काहींचं अस्तर बाराव्या दिवशी ६ असतं आणि अठराव्या दिवशी ७ होतं. मात्र डोस आपल्या मनाने वाढवू नका. वजन जास्त असेल, पायाच्या शिरेत पूर्वी गाठ झाली असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

गोळ्यांच्या सायकलला दोनदा यश आलं नाही, तर मी पद्धतच बदलते. तुमची पाळी नियमित आहे, म्हणजे अंडं स्वतःहून फुटतं. मग नैसर्गिक सायकलमध्ये, किंवा लेट्रोझोल या अंडं वाढवणाऱ्या गोळीच्या पाच दिवसांच्या कोर्सनंतर, तुमच्याच बीजकोशातून तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनवर अस्तर वाढवून पाहता येतं. आकडा फार वाढेलच असं नाही, पण अनेकदा अस्तराचा दर्जा चांगला वाटतो. अंडं फुटल्यावर तयार होणारी पिवळी गाठ गर्भारपणातही उपयोगी ठरते. ती नसलेल्या, नुसत्या गोळ्यांवरच्या सायकलींत पुढे रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. यात सोनोग्राफीच्या फेऱ्या वाढतात आणि ट्रान्सफर कधीकधी रविवारी येते, म्हणून सगळीकडे ती सुचवली जात नाही. तुम्ही स्वतःहून विचारा. एक सूचना, क्लोमिफेन घेऊन ही सायकल करू नका. अंडं वाढवणारं ते जुनं आणि स्वस्त औषध अस्तरावर मात्र इस्ट्रोजेनच्या उलट काम करतं. आययूआयच्या (शुक्राणू थेट पिशवीत सोडण्याच्या उपचाराच्या) काळात अस्तर पातळ राहायचं असं सांगणाऱ्या कित्येकींच्या जुन्या चिठ्ठ्यांत मला क्लोमिफेनच सापडलं आहे.

आता पीआरपी. तुमच्याच शिरेतून थोडं रक्त काढायचं, ते फिरवून प्लेटलेट्स जास्त असलेला भाग वेगळा करायचा आणि बारीक नळीने त्यातला अर्धा ते एक मिलिलिटर पिशवीत सोडायचा. प्लेटलेट्समध्ये जखम भरून आणणारे घटक असतात, ही त्यामागची कल्पना. २०१५ मध्ये चीनमधून पाच बायकांवरच्या उपचारांची पहिली नोंद आली. त्यानंतर अनेक छोटे अभ्यास झाले. बऱ्याच जणींत अस्तर एखाद्या मिलिमीटरने वाढलं. पण प्रत्येकाची रक्त फिरवण्याची पद्धत वेगळी, दिवस वेगळे, रुग्ण थोडे. पीआरपी न करता नुसती आणखी एक सायकल केली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर त्यातल्या फार थोड्यांत मिळतं. जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनचंही असंच. २०११ मध्ये न्यूयॉर्कमधून चार रुग्णांची आशादायक नोंद आली, पुढच्या तुलनात्मक अभ्यासाने ती आशा पक्की केली नाही. सिल्डेनाफिल, पेन्टॉक्सिफायलिनसोबत व्हिटॅमिन ई, लहान डोसची ॲस्पिरिन, ही सगळी रक्तपुरवठा वाढवण्याच्या हेतूने दिली जातात आणि काहींना उपयोग झाल्याचं मीही पाहिलं आहे. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. कॅनडाच्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पातळ अस्तरावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही या जोड-उपचारांना पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं आहे. अस्तर मुद्दाम खरवडून घेण्याची जी लाट आली होती ती तर तुमच्यासाठी नकोच. २०१९ च्या मोठ्या चाचणीत आयव्हीएफ करणाऱ्या बायकांना तिचा फायदा दिसला नाही, आणि ज्या पिशवीला खरवडूनच इजा झाल्याची शंका आहे तिला पुन्हा कशाला खरवडायचं?

मी स्वतः पीआरपी करते. दुर्बीण झाली, चिकटे सोडवले, पद्धत बदलून पाहिली, तरी अस्तर अडलं, तर एक-दोन वेळा करते, कारण रक्त स्वतःचंच असल्याने धोका कमी आहे. खात्री नाही हेही आधी सांगते. कोणी चार-पाच पीआरपींचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन देत असेल तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. स्टेम सेलचंही ऐकाल. अहमदाबादच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये आशरमनच्या एका रुग्णात अस्थिमज्जेतल्या पेशी वापरून गर्भ राहिल्याची नोंद केली, २०१६ मध्ये स्पेनमधल्या गटानेही काही रुग्णांवर काम प्रसिद्ध केलं. हे संशोधन मोलाचं आहे, पण ते संशोधनच आहे. नियमित उपचार म्हणून त्याचे पैसे देऊ नका.

डाळिंब आणि बीट जरूर खा, तुमचं हिमोग्लोबिन १०.२ आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवं, लोहाच्या गोळ्याही घ्या. पण अस्तर कोणत्याही फळाने जाड होत नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी रस चुकला म्हणून सायकल फुकट गेली असं मनाला लावून घेऊ नका आणि घरात कोणी तसं म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. याउलट तंबाखूबद्दल मात्र मी प्रत्येकीला खाजगीत, एकटीला बसवून विचारते. सिगारेट नाही म्हणणाऱ्या कितीतरी जणी रोज सकाळी मिश्री लावतात, आणि ती तंबाखूच आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि अस्तराचं सगळं पोषण केसाएवढ्या वाहिन्यांवर चालतं.

हे सगळं करूनही अस्तर ६ च्या आसपास राहिलं तर? तर मी एकच भ्रूण ठेवून ट्रान्सफर करीन, तिन्ही एकदम नाही. माझ्या एका रुग्णाच्या पिशवीतला जाड पडदा दोन बैठकांत सोडवला, डाव्या कोपऱ्यातला फिकट डाग तसाच राहिला. अस्तर कधीच ६.४ च्या पुढे गेलं नाही. तीन रेघा छान दिसत होत्या, म्हणून नैसर्गिक सायकलमध्ये एक भ्रूण ठेवला. पहिला रुजला नाही, दुसरा रुजला. बाळंतपणात वार सुटायला त्रास झाला, पण रक्ताची तयारी आधीच ठेवलेली होती. ही गोष्ट तुमच्याही लक्षात राहू द्या: गर्भ राहिला तर बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना दोन क्युरेटिंग आणि चिकटे सोडवल्याचं पहिल्याच भेटीत सांगा. अशा पिशवीत वार खोल चिकटण्याची शक्यता जास्त असते.

आणि तिन्ही भ्रूण रुजले नाहीत, किंवा दुर्बिणीतच मूळ थर बहुतेक गेलेला दिसला, तर सरोगसीबद्दल बोलायला हवं. २०२१ चा कायदा कडक आहे, पैसे देऊन सरोगसी करता येत नाही. पण २०२२ च्या नियमांत वैद्यकीय कारणांच्या यादीत पिशवीतले चिकटे आणि पातळ अस्तर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे मी तुम्हाला आज त्या वाटेवर पाठवण्यासाठी सांगत नाही. तुमच्यापुढे अजून पहिलीच तपासणी बाकी आहे. पण दार बंद नाही हे माहीत असलं की मधले निर्णय घाबरून घेतले जात नाहीत.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही क्युरेटिंगची डिस्चार्ज कार्डं न्या, काढलेला तुकडा तपासणीला गेला होता का ते पाहा आणि तो रिपोर्ट त्या हॉस्पिटलातून मिळवा. ‘मला आधी हिस्टेरोस्कोपी करून घ्यायची आहे, तुकडा सीडी-१३८ आणि क्षयासाठी पाठवायचा आहे’ असं डॉक्टरांना सरळ सांगा. असं म्हटल्याने कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि एका कागदावर लिहून न्या: पहिल्या क्युरेटिंगच्या आधी पाळी किती दिवस जायची, रोज किती पॅड लागायची, आणि दुसऱ्यानंतर किती.